नाव आणि गाव, एवढंच

शेलूबाजारहून मंगरूळपीरकडे निघालेल्या रस्त्याचा एक तुकडा देवमनच्या हवाली होता. रस्ता सरकारचा, खड्डे सरकारचे, पण ते बुजवायचे देवमननं. बांधकाम खात्यात अशा माणसाला मैलकुली म्हणत. पुढं मैलाचे दगड उपटून किलोमीटरचे रोवले गेले, तरी मैलकुली तो मैलकुलीच राहिला. सकाळी फावडं, घमेलं आणि टिकास सायकलला बांधून तो निघे. कुठं कडेनं मुरूम ओढायचा, कुठं रस्त्याखालच्या मोरीतला गाळ काढायचा, कुठं कडुलिंबाच्या बुंध्याला चुन्याचा आणि गेरूचा पट्टा मारायचा. दगडावरचे आकडे पुसट झाले की काळ्या रंगानं पुन्हा गिरवायचे. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण आकडा असा काढी की जणू दगड आकड्यासहितच जमिनीतून उगवला असावा.

रस्त्यानं जाणारा माणूस मैलकुलीकडे पाहत नाही. तो झाडाकडे पाहतो, दगडाकडे पाहतो, आणि मधे वाकलेला माणूस त्याच्या डोळ्यांतून तसाच निसटून जातो. देवमनला याचं काही वाटत नसे. त्याला तसंच बरं वाटे.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या घरी रेडिओ आला. चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवता येईल असा. पिशवी लवकरच फाटली, रेडिओ मात्र खणखणीत राहिला. पोस्टातून परवाना काढला, आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर रेडिओला जागा झाली. सेल संपत आले की त्याची बायको ते काढून घराच्या टिनावर उन्हात ठेवी. उन्हानं सेलात पुन्हा थोडा जीव येतो असं तेव्हा सगळेच मानत, आणि थोडा येईही.

गुरुवारी संध्याकाळी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. गावोगावचे लोक पोस्टकार्ड टाकून आपल्या आवडीचं गाणं मागत, आणि गाणं लावण्याआधी रेडिओवरची बाई त्या सगळ्यांची नावं वाचे. खरं सांगायचं तर गाणं हे निमित्त होतं. लोक नावं ऐकायला बसत. कारंजाहून अमुक, रिसोडहून तमुक, मानोऱ्याहून ढमुक. ऐकता ऐकता ती नावं ओळखीची होत आणि ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही तो माणूस घरातला होऊन जाई. मग हे श्रोते एकमेकांनाही कार्डं टाकू लागले. एखाद्या गुरुवारी नाव आलं नाही, तर आजारी आहे का, असं विचारणारं कार्ड यायचं.

देवमनच्या पहिल्या कार्डावरचं नाव वाचलं गेलं, ‘शेलूबाजारहून देवमन’, तेव्हा त्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हात तसेच ठेवून म्हणाली, "सेल मी वायवते, बटन मी फिरवते, आन् नाव तुमचं एकट्याचं?"

"बायकांचे नावं देत असतेत काय?"

"रिसोडची नाई का येत? चंपाबाई. दर हप्त्याला येते."

पुढच्या कार्डावर त्यानं तिचंही नाव घातलं. आणि इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तिचं नाव भागिरथा. पण ते नाव उच्चारणारं कुणी उरलं नव्हतं. आसेगावात, माहेरी, ती ‘भागी’ होती. सासरी ‘देवमनची’. लेकरू असतं तर त्याच्या नावानं ‘अमक्याची माय’ झाली असती, पण लेकरू नव्हतं. आणि नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोनं नवऱ्याचं, ही रीत धर्म बदलला तरी उंबऱ्याच्या आतच राहिली होती. देवमन तिला ‘आयकलं काय’ म्हणे. त्यामुळं आख्खं नाव, चारही अक्षरं, सावकाश आणि मानानं घेणारी जगात एकच होती, ती रेडिओवरची बाई. ‘शेलूबाजारहून देवमन आणि भागिरथा.’ पहिल्यांदा ते ऐकलं त्या दिवशी भाकरी तव्यावर जळली, आणि दोघांपैकी कुणालाच तिचा वास आला नाही.

श्रोत्यांत माणसं दोन तऱ्हेची होती. काही सगळं सांगत. त्यांत पहिला मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा अमरसिंग. त्याच्या कार्डात तो, बायको सोनीबाई, भाऊ भाऊसिंग, पोरगा हेमला, आणि शेवटी चांद्या आणि बाण्या. चांद्या-बाण्या हे त्याचे बैल. रेडिओवरच्या बाईला काय ठाऊक; ती त्यांचीही नावं त्याच मानानं वाची. अमरसिंगच्या मायच्या डोळ्याचं आपरेशन होणार आहे, ते झालं, पट्टी निघाली, हे सगळं चार तालुक्यांना ठाऊक होतं. बाजारात कुणी अनोळखी माणूस त्याला गाठून विचारी, "बुढीले दिसते का आता?"

देवमन दुसऱ्या तऱ्हेचा. नाव आणि गाव, एवढंच. आडनावही नाही. ते भागिरथानंच ठरवलं होतं. "आडनाव लिवलं का आयकणारा गाणं सोडून आडनावातच शिरते," ती म्हणायची. एकदा तिच्या पोटातलं गेलं. पाचवा महिना होता. त्या आठवड्यात अमरसिंगचं कार्ड आलं होतं, तुमच्याकडची खबर सांगा म्हणून, आणि देवमन पेन घेऊन बसला होता. तिनं अंथरुणावरूनच विचारलं, "काय लिवून राह्यले?"

"तो इचारते."

"लिवा, पाऊस बरा आहे. आपण गाणं मांगाले बसलो, दुखणं वाटाले नाई."

त्यानं लिहिलं, पाऊस बरा आहे.

याच रस्त्यावर सकाळची एस.टी. चाले, आणि तिचा कंडक्टर शेषराव हाही श्रोता होता, ‘कारंजाहून शेषराव’. मोरीपाशी गाडी हळू होई. गुरुवारी नाव आलेलं असलं की शुक्रवारी शेषराव दारातून बाहेर वाकून ओरडे, "काल वहिनीसगट नाव आलं बरं, देवमनभाऊ." देवमन फावडं न सोडता दुसरा हात वर करी. गाडी निघून जाई. तेवढीच ओळख. पण वर्षभरात ती अशी पक्की झाली की रविवारी गाडीवर दुसरा कंडक्टर असला तर देवमनला मोरी ओकीबोकी वाटे.

मग एका साली श्रावणात भागिरथाला कावीळ झाली. आधी गळ्यात औषधाच्या काड्यांची माळ घातली. माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबत गेली, आणि डोळे पिवळेच राहिले. मग डॉक्टर झाला, मग बैलगाडीतून मोठा डॉक्टर. परत आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. सोमवारी पहाटे गेली.

देवमनला रडू आलं नाही. आसेगावला त्यानं माणूस धाडला, त्यानं खबर दिली. सासू तुळसाबाई आली, तिनं लेकीच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं, बायांनी तिला ओढून बाजूला केलं. देवमन भिंतीला टेकून उभा होता आणि बघत होता की टिनाच्या एका पत्र्याचा खिळा निघाला आहे, वारा सुटला तर पत्रा वाजेल. पुण्यानुमोदनाला लोक जमले, वंदना झाली, जेवणं झाली. कुणीतरी म्हणालं, माणूस चांगली होती. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. मुरूम ओढला. जेवायच्या वेळी फडकं सोडलं आणि फडक्यात काही नाही हे पाहून पुन्हा बांधलं. भूकही नव्हती.

माणसाच्या आत कुठं तरी पाणी असतं असं म्हणतात. देवमननं बादली सोडली तर ती कोरड्या दगडावर आपटल्याचा आवाज यायचा, एवढंच.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भाद्रपद सरत आला असताना, तो बबनरावच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकं आणि भज्यांची कढई. गुरुवार होता हे त्याच्या ध्यानात नव्हतं. बबनरावचा रेडिओ चालू होता. आणि नावांच्या ओळीत ती बाई म्हणाली, ‘शेलूबाजारहून देवमन आणि भागिरथा.’

कार्ड उन्हाळ्यातलं होतं. कार्डांचा ढीग मोठा असे. आज टाकलेलं कार्ड कधी तीन-चार महिन्यांनी वाचलं जाई. बाकांवरचे लोक गप्प झाले. बबनरावनं झारा कढईवर तसाच धरला. सगळे देवमनकडे पाहायला लागले, आणि देवमन कपातल्या चहाकडे. मग गाणं लागलं. त्यानं चहा संपवला, कप ठेवला, उठला.

सकाळी मोरीपाशी एस.टी. हळू झाली. "काल वहिनीसगट नाव आलं बरं." शेषराव कारंजाचा, त्याला कोण सांगणार. देवमननं हात वर केला.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन त्यानं नवं कार्ड लिहिलं. देवमन आणि भागिरथा. का लिहिलं हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लिहिताना काही वाटलं नाही. एवढंच की ते नाव त्या बाईच्या तोंडून निघालं होतं तेव्हा, तितक्या वेळापुरतं, बादली दगडावर आपटली नव्हती. पुढच्या महिन्यात आणखी दोन कार्डं टाकली. दर महिना-दोन महिन्यांनी नाव येई, हॉटेलातले लोक गप्प होत, मग तेही गप्प व्हायचे थांबले. एकानं बबनरावला हळूच म्हटलं, "डोस्क्यावर परिणाम झाला का याच्या?"

"कोनाचं काय घेते तो?" बबनराव म्हणाला. "तू चूप भजे खाय."

हिवाळा आला. एका बाजाराच्या दिवशी देवमन घराच्या ओट्यावर फावड्याचा दांडा बसवत होता. मोठं पागोटं घातलेला एक दणकट माणूस आणि आरशांचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या अशी एक बाई विचारत विचारत दारात आली.

"देवमन म्हंजे तुमीच?"

"हो."

"मी अमरसिंग. हे सोनीबाई."

देवमन उठून उभा राहिला. ज्या माणसाच्या घरातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, तो पहिल्यांदा दारात उभा राहिला तर त्याला काय म्हणायचं असतं? त्यानं घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि विचारलं, "मायचा डोया कसा आहे?"

"एका डोयानं दिसते," अमरसिंग म्हणाला. "दुसऱ्यानं नुस्त्या शिव्या देते."

"आन् चांद्या?"

"चांद्या रुसून बसला. एक डाव बाईनं बाण्याचं नाव आधी घेतलं, तवापासून चारा खाऊन नाई राह्यला." तो मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "पन तुमचं आमाले काईच ठाऊक नाई बाप्पा. नाव आन् गाव. हे मले म्हणे, हे मानसं खरंच आहेत का रेडिओवाले आपल्या मनानं बनवून घेतेत? म्हणलं, चाल, पाहूनच येऊ."

सोनीबाई हसली नाही. तिनं पदराखालून एक कापडी पुडकं काढलं. सोडलं. रेडिओची खोळ होती. लाल-निळ्या कापडावर दोऱ्याचं भरतकाम, मधे मधे आरसे, कडेला कवड्या, आणि खांद्याला अडकवायला पट्टा. "आमच्या रेडिओच्या मापानं शिवली," ती म्हणाली. "आमच्या तांड्यात एवढ्या बायका, पन रेडिओवर नाव येनारी मी एकटी. दुसरी तुमची. तवापासून ते मले बहिणीवानी वाटते. भागिरथाबाई कुठी आहे?"

देवमननं खोळीकडे पाहिलं. आरशांत ओटा होता, आभाळ होतं, त्याचं स्वतःचं तोंड तुकड्यातुकड्यांनी होतं. मग त्याची नजर वर टिनाकडे गेली. तिथं अजून चार सेल ओळीनं ठेवलेले होते. श्रावणाआधी तिनं ठेवलेले. पावसानं त्यांच्या बुडाला गंज फुटला होता.

"माहेरी गेली," तो म्हणाला.

"मंग तुमी ठिवा हे," अमरसिंगनं खोळ देवमनपुढं केली. सोनीबाईनं ती परत ओढून घेतली.

"नाई. मी तिच्याच हातात देईन. माहेर कोनतं हो?"

"आसेगाव."

एवढंच तो बोलला. एक नाव त्यांच्याजवळ होतं, एक गाव त्यानं दिलं. चहा झाला, रामराम झाला, ती दोघं बाजाराच्या वाटेला लागली. देवमननं पुन्हा दांडा हातात घेतला. पाचर ठोकली. पाचर आडवी गेली. ती काढून पुन्हा ठोकली.

चार-पाच दिवसांनी तो कामावरून आला तेव्हा तुळसाबाई ओट्यावर बसली होती. लेक गेल्यापासून ती या घरी आली नव्हती. शेजारी पिण्याच्या पाण्याचा गडगा, मांडीवर ती खोळ.

"मामी," तो म्हणाला, "कवा आल्या?"

"आली दुपारच्या गाडीनं." तिनं खोळ उचलून दाखवली. "हे कोनाची आहे ठाऊक आहे का?"

त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.

"मी दाराशी तूर पाखडून राह्यली होती," तुळसाबाई सांगू लागली. तिचा आवाज चढला नव्हता; ती निवडलेले दाणे वेगळे ठेवावेत तशी एकेक गोष्ट ठेवत होती. "लमान्याचे दोन मानसं आले. म्हणे, मैलकुल्याची सासरवाडी हेच का? म्हणलं, हो. म्हणे, भागिरथाबाई आहे का घरी? शेलूबाजारचे भाऊ म्हणले, माहेरी गेली." ती थांबली. "जवाईबुवा, मी मांगं वळून पाह्यलं. घरात पाह्यलं मी. म्हणलं, आली का काय हे भागी मांगल्या दारानं."

अंगणात एक कोंबडी येऊन पायरीखालचे कण टिपू लागली. देवमन तिच्याकडे पाहत राहिला.

"तुमी रेडिओत तिचं नाव लावता, ते मले समजलं होतं," ती म्हणाली. "पाटलाच्या ओट्यावर बाया आयकतेत. येऊन सांगतेत, भागीचं नाव आलं. मी राग नाई धरला. पन त्या दिवशी रात्री मले वाटे, कुठीतरी आहे ते. आहे, आन् मायले भेटाले येत नाई. आन् आता तं तुमी माह्याच घरी पाठवलं तिले. मी दार उघडलं, तं नव्हती."

"काय सांगू म्हणलं त्याईले?" देवमन म्हणाला.

"मी सांगतलं ना. माय असून मी सांगतलं. ते लमानीन माह्या गळ्यात पडून रडली. वळख ना पाळख. तुमी मातर—" तिनं वाक्य सोडलं. "तुमी मले बी नाई सांगतलं. मानूस धाडला. त्याच्या तोंडून आयकलं मी, माही पोरगी गेली म्हणून. तुमच्या तोंडून अजून नाई आयकलं."

देवमन उकिडवा बसला. जमिनीवर बोटानं रेघ ओढली, पुसली. मग म्हणाला, "तेच म्हणे, गाणं मांगाले बसलो, दुखणं वाटाले नाई."

"कवा म्हणे?"

"पोटातलं गेलं तवा."

तुळसाबाईला ते ठाऊक नव्हतं. पोटातलं गेल्याचंच ठाऊक नव्हतं. तिनं खोळीवरच्या एका कवडीवर अंगठा ठेवला आणि तो तिथंच राहिला.

"ते तिचं दुखणं होतं," ती म्हणाली. "कोनाले सांगाचं, कोनाले नाई, ते तिनं ठरवाचं. हे तिचं नाई. हे तुमचं आहे. माहं आहे. ते मेल्यावर तिचा कायदा कायले चालवता?"

 आत अंधार पडत होता. दिवा लावायला हवा होता. देवमनला एवढं कळत होतं की ही बाई आसेगावहून एका वाक्यासाठी आली आहे, ते मिळाल्याबिगर ती उठणार नाही, आणि आपण ते दिलं नाही तर ती पुन्हा कधी येणार नाही. मग ‘भागी’ म्हणणारंही या घरात कुणी येणार नाही.

त्यानं जमिनीवरचा हात उचलला.  मग म्हणाला, "भागिरथा मेली, मामी."

लग्नानंतर त्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते आज घेतलं, आणि असं. त्याला वाटलं होतं आता काहीतरी फुटेल, फाटेल. काही झालं नाही. कोंबडी कण टिपत राहिली. आपण बोललेलं वाक्य त्याला बाहेरून ऐकू आलं, रेडिओवरून यावं तसं, सावकाश, एकेक अक्षर.

तुळसाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "हो बाप्पा," ती म्हणाली. "मेली."

मग तिनं दिवा लावला, चूल पेटवली, पिठलं टाकलं. दोघं जेवली. जेवताना तिनं विचारलं, "अजून लावलं आहे का कुठी तिचं नाव?"

"दोन कार्डं आहेत. टाकून झाले."

"मंग?"

"ते वाचतीन कवातरी. थांबवता येत नाई."

"वाचू दे," ती म्हणाली. "दोन डाव आयकू."

सकाळी जाताना तिनं स्वतःच्या हातानं रेडिओला खोळ घातली. खोळ जराशी ढिली झाली. अमरसिंगचा रेडिओ मोठा असावा. "लमानीन म्हणे, लेकीचा हात नाई तं मायचा हात," तुळसाबाई म्हणाली, "म्हणून माह्या हातात देल्ली." तिनं पट्टा आवळून गाठ मारली. देवमन शिडी लावून टिनावर चढला, गंजलेले सेल काढून खाली आणले, आणि निघालेला खिळा ठोकला.

ती दोन कार्डं उन्हाळा लागेपर्यंत वाचून झाली. प्रत्येक वेळी शेषराव ओरडला, प्रत्येक वेळी देवमननं हात वर केला. अमरसिंगची कार्डं येत राहिली. मायच्या शिव्या, चांद्याचा रुसवा, हेमलाची परीक्षा. देवमनला वाटलं होतं, ज्याच्या पोटात बैलाचं रुसणंही राहत नाही त्यानं हे एव्हाना मानोऱ्यापासून कारंजापर्यंत पोचवलं असेल. पण कुणाचं कार्ड आलं नाही, कुणी विचारलं नाही. अमरसिंगनं कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं होतं ते सगळं वाटणाऱ्या त्या माणसानं दुसऱ्याचं मात्र गाठीला बांधून ठेवलं होतं.

मधे एका संध्याकाळी देवमन कार्ड लिहायला बसला होता. आपलं नाव लिहिलं. पुढं ‘आणि’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. गावाचं नाव घातलं. सकाळी पेटीत टाकलं.

ते कार्ड आखाडात वाचलं गेलं. बबनरावच्या हॉटेलात नाही. त्या गुरुवारी तो घरीच होता, खोळीतला रेडिओ मांडीजवळ घेऊन. बाई नावं वाचत आली. ‘रिसोडहून चंपाबाई. मानोऱ्याहून अमरसिंग, सोनीबाई, भाऊसिंग, हेमला, चांद्या आणि बाण्या. शेलूबाजारहून देवमन.’ आणि गाणं लागलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिला काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मोरीजवळच्या दगडाला चुना मारत होता. एस.टी. आली, हळू झाली. शेषराव दारातून वाकला. पण या वेळी ओरडताना त्याचा आवाज अडखळला. "काल नाव आलं, देवमनभाऊ. पन एकट्याचंच आलं. वहिनीचं सोडलं वाटते बाईनं?"

देवमनचा हात सवयीनं वर निघाला होता. तो त्यानं अर्ध्यावर थांबवला, आणि तळवा आडवा केला. गाडी थांबवायची खूण. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मैलकुल्यानं खूण केली म्हणजे पुढं मोरी खचली असणार, असं त्याला वाटलं. लोक खिडक्यांतून वाकून पुढं पाहू लागले. रस्ता धड होता.

देवमन चुन्याचा कुंचला हातात धरूनच दारापर्यंत चालत आला.

"बाईनं नाई सोडलं," तो म्हणाला. "मीच नाई लिवलं. माही बायको भागिरथा मेली."

शेषराव पायरीवर तसाच उभा राहिला. "कवा?"

"मांगल्या श्रावणात."

"मांगल्या?" शेषराव मनात काहीतरी हिशेब लावत होता, सालभराचे शुक्रवार त्याच्या डोळ्यांपुढून जात असावेत. "आन् मी दर खेपीले—"

"तुमाले काय ठाऊक," देवमन म्हणाला. "मीच नाई सांगतलं."

गाडीत मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं "अरे बापा" म्हटलं, तिला देवमन कोण हे माहीत नसताना. शेषराव खाली उतरला. काय करावं हे त्याला कळलं नसावं. त्यानं देवमनच्या हातातला कुंचला घेतला, दगडापाशी जाऊन डब्यावर आडवा ठेवला, परत आला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला चुना लागला होता. तो देवमनच्या सदऱ्यावर उमटला.

"किती वर्साची होती?"

"पस्तीस असंन."

"कायनं?"

"कावीळ."

देवमन उत्तरं देत होता. एकेक विचारलं जात होतं आणि एकेक दिलं जात होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही. मग शेषरावला गाडीची आठवण झाली, तो चढला, दोरी ओढली, घंटी वाजली. गाडी निघाली आणि तिची धूळ देवमनच्या अंगावर, ओल्या चुन्यावर, लिंबाच्या पट्ट्यांवर सावकाश बसत गेली.

धूळ बसेपर्यंत तो थांबला. मग दगडापाशी गेला, कुंचला उचलला. चुन्यावर धूळ चिकटली होती. दुसरा हात मारावा लागणार होता. त्यानं तो मारला. वाळेपर्यंत बाजूला बसून राहिला, आणि वाळल्यावर काळा रंग घेऊन शेलूबाजार किती दूर आहे तो आकडा पुन्हा गिरवला.